‘काठपदर’चा तहहयात परवाना

मालकी म्हणजे काय, हा माणसाला हजारो वर्षं छळणारा प्रश्न २०२९ साली कायमचा सुटला. ज्या यंत्राचा जो परवाना तो त्याच यंत्रात राहील, कंपनीने नेल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही यंत्रात जगाच्या अंतापर्यंत जाणार नाही, याची हमी विज्ञानाने पहिल्यांदाच दिली. नक्कल, चोरी आणि खोटेपणा यांचं युग संपलं, असं एका मोठ्या परिषदेत जाहीर झालं आणि उपस्थितांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

अकरा वर्षांनी इचलकरंजीत राजश्री तारदाळकरांनी ओलं फडकं आणि चिमूटभर खायचा सोडा घेऊन हे सगळं दीड मिनिटात पुसून टाकलं. त्यांचा हेतू चांगला होता. घरी पाहुणी येणार होती.

आधी शोधाबद्दल सांगायला हवं, कारण शोध खरोखरच हुशारीचा होता. त्याचं नाव मणी. पारदर्शक राळेचा, मसूर डाळीच्या दाण्याएवढा. राळ गरम असताना तिच्यात काचेचा अतिसूक्ष्म भुगा मिसळायचा आणि थंड होऊ द्यायची. आत ते लाखो कण जसे पडतील तसे पडतात. कसे पडावेत हे कुणी ठरवत नाही, मणी बनवणाराही नाही. या मण्यातून लेझरचा किरण सोडला की तो कणाकणावर आपटत, वाट चुकत जातो आणि उजेड-अंधाराच्या ठिपक्यांची एक नक्षी उमटवतो. दुसरा मणी, दुसरी नक्षी. दोन भाकऱ्यांवर करपलेले ठिपके जसे एकाच जागी कधी येत नाहीत, तसंच हे.

कायद्याने प्रत्येक कॉम्प्युटरात असा एक मणी आला. सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू झालं की ते मण्याच्या नक्षीचा फोटो काढून कंपनीकडे नोंदवतं. पुढे रोज, दर काही मिनिटांनी नक्षी पाहतं आणि आधीच्याशी ताडून बघतं. उष्णतेने, वयाने नक्षी थोडीथोडी सरकते. तेवढं कंपनी चालवून घेते. हळूहळू बदललेलं चालतं, एकदम बदललेलं चालत नाही. संसारातही साधारण हाच नियम आहे.

मण्याचा किरण कॉम्प्युटरच्या डाव्या अंगाला असलेल्या एका छोट्या गोल काचेवर आपटून परत फिरतो, म्हणजे एका हेलपाट्यात मणी दोनदा वाचला जातो. ही काच बाहेरून दिसते. ती जशी आहे तशीच राहील, असं शास्त्रज्ञांनी गृहीत धरलं होतं. त्यांच्यापैकी कुणीही खंडेनवमी पाहिली नव्हती.

उद्धव तारदाळकर, वय एकसष्ट, हे साड्यांचे काठ काढत. काढत म्हणजे ‘काठपदर’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन-चौकोन भरून नक्षी बसवत, मग ती यंत्रमागावर जाई आणि मग कुठल्यातरी लग्नात मिरवे. त्यांच्या नावावर अकराशे चाळीस काठ होते. सगळे त्या एका कॉम्प्युटरात होते आणि परवाना असलेल्या ‘काठपदर’शिवाय उघडत नव्हते.

परवाना तहहयात होता. कुणाची हयात, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. उद्धवराव इतकी वर्षं समजत होते की आपली. कंपनीच्या मते, कॉम्प्युटरची.

आणि कॉम्प्युटर आता थकला होता. तिसऱ्या खेपेला चालू व्हायचा, आणि झाला की त्याचा पंखा असा वाजायचा की शेजारच्या कारखान्यातले लोक आपला माग बिघडला म्हणून बघायला उठायचे. कंपनीने ‘काठपदर’ विकणं बंद करून चार वर्षं झाली होती. आता ‘काठप्रवाह’ आलं होतं. त्याला नुसतं सांगायचं, “मोर, गुलाबी, श्रीमंती दिसली पाहिजे,” की मिनिटात चारशे काठ हजर. माणसाने फक्त ‘पसंत’ हे बटण दाबायचं. उद्धवरावांनी ते एका ओळखीच्या कारखान्यात पाहिलं होतं. चारशेचे चारशे काठ चांगले होते. पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

“मोर मात्र मोरासारखा आहे हं त्यातला,” राजश्रीताई तेव्हा तिथून आलेला नमुना पाहून म्हणून गेल्या होत्या आणि लगेच जीभ चावून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्या घरात मोर हा विषय तीन वर्षं बंद होता.

तर नवा कॉम्प्युटर आला, खोक्यातच राहिला, आणि उद्धवरावांनी परवाना हलवण्यासाठी अर्ज केला. कंपनीचं उत्तर आलं: तहहयात परवान्यासाठी आमची अधिकारी प्रत्यक्ष येईल, भेट एकदाच मिळेल, आणि मणी वाचायचे एकूण पाच प्रयत्न. परवाना नव्या यंत्रात गेला की जुना मणी जाळला जाईल; पाचही प्रयत्न फुकट गेले तर परवाना संपला.

भेटीच्या दिवशी सकाळी राजश्रीताईंनी फरशी पुसली, पडदे बदलले, आणि मग त्यांची नजर जुन्या कॉम्प्युटरवर गेली.

“अहो, पुण्याची बाई यायची आणि हे ध्यान असं ठेवायचं समोर? काय म्हणेल ती!”

“अगं, ती त्याला न्यायला येत नाही, मारायला येतेय.”

“मरतानाही माणसाला आंघोळ घालतात.”

राजश्रीताईंनी फडकं भिजवलं. अकरा वर्षांची धूळ, सुताचा कोंडा, चहाचे ओघळ, आणि डाव्या अंगाच्या गोल काचेवर घट्ट बसलेला एक काळपट लाल डाग, सगळं निघालं. डागाला सोडा लागला.

साडेदहाला कंपनीच्या हस्तांतरण अधिकारी तेजल फाटक आल्या. वय सत्तावीस. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. त्यांना सायंकाळची गाडी गाठायची होती, त्यामुळे नवा कॉम्प्युटर त्यांनी स्वतःच खोक्यातून काढला, टेबलावर जुन्याच्या शेजारी मांडला आणि चालू केला. केबल जोडून ‘काठपदर’ आणि सगळे काठ नव्यात उतरवले. पोहे आले, त्यांनी खाल्ले. मग वाचन घेतलं.

पडद्यावर आलं: जुळणी बारा टक्के. हे यंत्र ते यंत्र नाही.

“सर,” फाटकबाई म्हणाल्या, “हा तुमचाच कॉम्प्युटर ना?”

“मॅडम, अकरा वर्षं याच्यापुढंच बसून माझी पाठ गेली. तो माझा नसेल तर पाठ कुणाची गेली?”

“परवाना हलवायला पहिल्या दिवसाच्या नोंदीशी सत्तर टक्के जुळावं लागतं. आता चार प्रयत्न उरले.” त्यांनी मूळ नोंदीचा फोटो उघडून मोठा केला. “हे विचित्र आहे. पहिल्या दिवसाच्या नक्षीत मधोमध एक मोठी सावली आहे. तिथला उजेड शोषला गेलाय, कडेला मेणासारखा काहीतरी थर आहे. जणू काचेवर कुणी काहीतरी लावलं होतं.”

राजश्रीताईंनी हातातली बशी खाली ठेवली.

“कुंकू,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“खंडेनवमीला आला होता हा. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा असते. नवं यंत्र पूजेशिवाय चालू करत नाहीत आमच्याकडं. ह्यांच्या आक्कांनी कुंकू लावलं, मग ह्यांनी बटण दाबलं.”

“पण काचेवरच का?”

“त्यांना ते कपाळ वाटलं.”

फाटकबाईंच्या लक्षात आलं ते असं: या यंत्राची ओळख म्हणून कंपनीने जी नक्षी नोंदवली होती ती नुसत्या मण्याची नव्हतीच. मणी अधिक कुंकू, मिळून एक इसम. आणि त्यातला अर्धा इसम आज सकाळी सोड्याने धुतला गेला होता.

“मग परत लावूया की,” उद्धवराव म्हणाले. “कुंकवाला काय तोटा आहे!”

राजश्रीताईंनी देवघरातून करंडा आणला, बोट पाण्यात बुडवून मनापासून ठिपका लावला. अडतीस टक्के.

“तुझा हात हलका आहे,” असं म्हणून उद्धवरावांनी पुसून स्वतः लावला. एकवीस.

“जड हाताचं बघा काय झालं,” राजश्रीताई म्हणाल्या. आधी त्यांनी खोबरेल तेलाचा थर दिला, त्यावर कुंकू. चव्वेचाळीस.

“एकच राहिला,” फाटकबाई म्हणाल्या. त्यांना आता गाडीची आठवण राहिली नव्हती. बॅगेतून त्यांनी एक रंगीत पत्रक काढून टेबलावर ठेवलं, नियमाप्रमाणे ठेवावंच लागतं. “नाहीच जमलं तर ‘काठप्रवाह’ आहे, सर. पहिले तीन महिने मोफत. तुम्हाला काही करावं लागणार नाही.”

“तेच तर,” उद्धवराव म्हणाले.

त्यांनी पत्रकाकडे पाहिलं. त्यावर एक मोर होता, अगदी मोरासारखा.

“अहो,” राजश्रीताई हळूच म्हणाल्या, “ज्या बोटानं लावलं होतं ते बोट जयसिंगपूरला आहे.”

“मी जाणार नाही.”

“नका जाऊ. पसंत, पसंत, पसंत, असं बटण दाबत बसा मग दिवसभर. मी पण एक बटण घेऊन शेजारी बसते.”

आक्का म्हणजे उद्धवरावांची थोरली बहीण विमल. तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या साखरपुड्यात, उद्धवरावांनी एकोणीस दिवस खपून काढलेल्या मोराच्या काठाची साडी नवरीने नेसली होती. पाहुण्यांच्या गर्दीत आक्का पदर हातात घेऊन म्हणाल्या होत्या, “उध्या, कोंबडी झक्कास जमलीय की रं!” लोक हसले. नवरीही हसली. त्यानंतर भावाबहिणीत बोलणं झालं नव्हतं. खंडेनवमीला आक्का आल्या नव्हत्या, दिवाळीला उद्धवराव गेले नव्हते.

उद्धवराव स्कूटरवर बसले, तेव्हा फाटकबाई बाहेर आल्या. “सर, त्यांनी त्या दिवशी नेमकं काय-काय लावलं होतं ते आठवणीनं विचारा. मेणाचं काहीतरी आहे त्यात.”

आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. भावाला पाहून त्या उठल्या नाहीत, पण फोडायच्या थांबल्या.

“कोण मेलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी न्हाई. कॉम्प्युटर मरायला लागलाय.”

“मग डॉक्टरकडं जायचं. हिकडं कशाला आलास?”

उद्धवरावांनी सगळं सांगितलं. मणी, किरण, नक्षी, सोडा, चव्वेचाळीस टक्के. आक्कांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही. चाळीस वर्षं त्या हातमागावर बसल्या होत्या. एक धागा चुकला की सगळी नक्षी चुकते, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे,” त्या शेवटी म्हणाल्या, “कंपनीच्या वहीत माझं बोट हाय.”

“व्हय.”

“आणि तुझं नाव न्हाई.”

“नाव हाय. पण नावानं उघडत न्हाई.”

आक्कांना हे फार आवडलं. ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि अनामिका दाखवली. लहानपणी मागाच्या धावत्या धोट्यात सापडून ती वरच्या पेराशी वाकडी झाली होती. “ह्या बोटानं ठिपका लावला की स्वल्पविरामासारखा पडतो. तुझी बायको सरळ बोटानं लावतीया, कसा जुळंल? आणि आधी मेण लागतंय. प्लास्टिकवर, काचंवर कुंकू धरत न्हाई नुसतं. माझी मेणाची डबी हाय, आईची. मेण, हळद, मग कुंकू.”

“मग चल की.”

“येते. पण आधी एक सांग.” आक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. “तो मोर होता का कोंबडी?”

उद्धवरावांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर काहीही नव्हतं. अकराशे चाळीस काठ एका बाजूला होते आणि एक मोर दुसऱ्या बाजूला.

“लांबून मोर होता,” ते म्हणाले.

“आणि जवळून?”

“जवळून… मान जरा आखूड झालती.”

“उध्या.”

“कोंबडी होती, आक्का. पण चांगली कोंबडी होती!”

“तेच म्हटलं होतं मी! झक्कास जमलीय म्हटलं होतं! तू पुढचं ऐकलंच न्हाईस, तिथनं तरातरा निघून गेलास. नवरीची आई मला तीनदा विचारत होती, असा कोंबडीचा काठ आम्हाला मिळंल का म्हणून.”

हे उद्धवरावांना नवीन होतं. परतीच्या वाटेवर, स्कूटरच्या मागे बसून आक्कांनी त्यांना ते आणखी चार वेळा सांगितलं.

घरी पोचल्यावर आक्कांनी फाटकबाईंना आपादमस्तक न्याहाळलं. “तू होय ती पुण्याची? जेवलीस का न्हाई पोरी? राजश्री, हिला नुसत्या पोह्यावर ठेवलंय व्हय?” मग हात-पाय धुऊन, पदर खोचून त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसल्या.

“आक्का, शेवटचा प्रयत्न आहे,” उद्धवराव म्हणाले. “जरा जपून.”

“जपून लावलेलं कुंकू कधी जुळलंय व्हय रं? गप बस.”

डबीतलं मेण बोटाने चोळून त्यांनी काचेवर पसरवलं. वर हळद. मग वाकडी अनामिका कुंकवात बुडवून, न थांबता, न बघता, त्यांनी तो स्वल्पविराम ओढला. तोंडाने काहीतरी पुटपुटल्या. ते कंपनीच्या नोंदीत येत नाही. फाटकबाईंनी बटण दाबलं.

चौऱ्याहत्तर टक्के.

हे घडण्याची शक्यता अतिशय कमी होती, असं कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पुढे एका टिपणात लिहिलं. त्यांनी आक्कांना पाहिलेलं नव्हतं.

राजश्रीताईंनी टाळी वाजवली, फाटकबाईंनीही वाजवली आणि मग आपण अधिकारी आहोत हे आठवून थांबल्या. जुन्या कॉम्प्युटरात बारीक निळा उजेड चमकला, पिठाच्या गिरणीसारखा वास आला, मणी जळाला. पंखा बंद पडला. शेजारच्या कारखान्यातून कुणीतरी विचारलं, “तारदाळकर, लाइट गेली काय ओ?” नव्या कॉम्प्युटरवर अक्षरं उमटली: परवाना आला. स्वागत आहे.

उद्धवरावांनी पहिलाच जो काठ उघडला तो तोच होता. आक्का पुढे वाकून बघू लागल्या.

“अजून कोंबडीच हाय,” त्या समाधानाने म्हणाल्या.

“मान लांब करतो आता.”

“हात लावू नकोस तिला! मला एक साडी पाहिजे तसलीच.”

सगळे हसले. राजश्रीताई शिऱ्यासाठी रवा भाजायला आत गेल्या. फाटकबाई कागद भरायला बसल्या आणि उद्धवराव त्यांना आपल्या नावाचं स्पेलिंग सांगू लागले. दोघांची पाठ टेबलाकडे होती.

आक्का एकट्याच नव्या कॉम्प्युटरकडे पाहत होत्या. चकचकीत, कोरा, डाव्या अंगाला स्वच्छ गोल कपाळ. त्यांच्या ध्यानात आलं की घाईगडबडीत या लोकांनी पूजा न करताच हे यंत्र चालू केलं होतं. असं या घरात कधी झालं नव्हतं. जुन्याला नुसतं फूल, नव्याला कुंकू, ही त्यांची पद्धत होती. मेणाची डबी हातातच होती.

नव्या मण्याची नोंद होऊन सहा मिनिटं झाली होती.

कोंबडी पडद्यावरून गेली. तिच्या जागी आलं: हे यंत्र ते यंत्र नाही.

फाटकबाई वळल्या. त्यांनी ठिपका पाहिला, आक्कांचं बोट पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. “पुसू नका!” त्या ओरडल्या, पण आक्कांनी घाबरून पदराने पुसलंही होतं, त्यामुळे आता काचेवर कुंकूही नव्हतं आणि काच स्वच्छही नव्हती. मेण पसरून नुसतं धुकं झालं होतं. वाचन: नऊ टक्के. पाचही प्रयत्न संपलेले, त्यामुळे काच सोड्याने धुऊन पुन्हा वाचायची सोय नव्हती, आणि जुना मणी तर जळालेला. म्हणजे परवाना आता जगात कुठेच नव्हता, आणि असं होऊ शकतं हे मोठ्या परिषदेत कुणी बोललं नव्हतं.

“मी केलं,” आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. “उध्या, मी केलं रं हे.”

उद्धवराव खुर्चीत बसले. अकराशे चाळीस काठ. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाले, “पूजा करायलाच पाहिजे होती. तुझं बरोबर हाय. आम्हीच चुकलो.”

“आता काय करायचं?”

“आता तू हितंच राहा चार दिवस. तू कोंबडी सांग, मी कागदावर काढतो. चौकोनांचे कागद आहेत जुने.”

आक्कांनी डोळे पुसले, त्याच पदराने, त्यामुळे कपाळभर हळद-कुंकू झालं.

राजश्रीताई रव्याचा झारा हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पंचवीस वर्षं त्यांनी एकटीने रेशन, लाइट बिल, घरपट्टी आणि सासूबाईंची पेन्शन सांभाळली होती. अशा प्रसंगी जे कुठल्याही खिडकीसमोर विचारायचं असतं ते त्यांनी विचारलं.

“काय हो मॅडम, अशावेळी भरायचा एखादा फॉर्म नसतो का?”

“असतो की,” फाटकबाई म्हणाल्या. “नमुना क.”

त्यांनी बॅगेतून तो काढला. वर छापलं होतं: कोणत्याही कारणाने मणी वाचता येत नसल्यास मालकाने येथे सही करावी. परवाना पूर्ववत मानण्यात येईल.

उद्धवरावांनी तो दोनदा वाचला. “हा फॉर्म सकाळी साडेदहालासुद्धा तुमच्या बॅगेत होता?”

“होता, सर. पण आम्ही स्वतःहून सुचवायचा नाही, असा नियम आहे. ग्राहकानं मागावा लागतो.” फाटकबाई लाल झाल्या होत्या. “मला सांगावंसं खूप वाटत होतं. आक्का आल्या तेव्हा तर फारच.”

आक्का भावाकडे वळल्या. “म्हणजे मला बोलवायची गरजच नव्हती.”

“न्हाई,” उद्धवराव म्हणाले.

“जयसिंगपुरात जे बोललास ते पण बोलायची गरज नव्हती.”

“न्हाई.”

“मी सगळ्यास्नी सांगणार हाय.”

“सांग.”

राजश्रीताईंनी शिरा आणला. फाटकबाईंना दोनदा वाढला.

नमुना क एकपानी आहे. सही निळ्या शाईत चालते, काळ्या शाईतही चालते.